तळमजल्याच्या फ्लोअर हीटिंगसाठी किती मीटर नळी घ्यावी?

नेकारकाठ (प्रश्न)

नमस्कार.

स्टुटगार्टजवळच्या एका गावात आमच्या घराचे बांधकाम चालू आहे. खिडक्या बसल्या असून आतले प्लास्टरही वाळत आले आहे. घरासाठी हवेतून उष्णता घेणारा हीट पंप ठरला आहे आणि दोन्ही मजल्यांवर फ्लोअर हीटिंग (जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर तापवण्याची सोय) असेल. खर्च थोडा आटोक्यात राहावा म्हणून तळमजल्यावरचे इन्सुलेशन टाकणे आणि त्यावर नळी अंथरणे ही दोन कामे आम्ही स्वतः करणार आहोत. मॅनिफोल्डची (सगळ्या नळ्या जिथून निघतात आणि जिथे परत येतात त्या वाटपाच्या जोडाची) जोडणी, दाबाची चाचणी आणि पुढचे सगळे काम हीटिंगचा कंत्राटदार करील, असे त्याच्याशी लेखी ठरले आहे. मात्र नळी आम्हीच विकत आणायची आहे आणि माझा प्रश्न तिच्याविषयी आहे.

नळी १६ मिमी बाहेरील व्यासाची, २ मिमी जाडीची, ऑक्सिजन आत जाऊ न देणारा थर असलेली पीई-आरटी (उष्णता सहन करणारे पॉलिथिलीन) प्रकारची आहे. तळमजल्याचे क्षेत्रफळ असे आहे : बैठकीची खोली २३ चौरस मीटर आणि तिला काटकोनात जोडलेले स्वयंपाकघर व जेवणाची जागा मिळून १५, म्हणजे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची एकूण ३८ चौरस मीटरची मोकळी जागा, झोपण्याची खोली १५, अभ्यासिका ११, न्हाणीघर ९, आणि मधला बोळ ८. एकूण ८१ चौरस मीटर. झोपण्याच्या खोलीत लाकडी पार्केट बसेल, अभ्यासिकेत चिकटवलेले विनाइल आणि बाकी सगळीकडे फरशी.

दोन नळ्यांमध्ये १५ सेंमी अंतर ठेवावे, असे कंत्राटदार म्हणतो. त्या हिशोबाने एका चौरस मीटरला ६.६७ मीटर नळी लागते आणि ८१ ला त्याने गुणले की ५४० मीटर होतात. परंतु तीन दुकानांतून मला तीन वेगवेगळे आकडे मिळाले आहेत. एकाने चौरस मीटरला साडेपाच मीटर धरायला सांगितले, दुसऱ्याने आठ, तर तिसरा सरसकट दहा मीटर धरा म्हणतो. यातला कोणता आकडा विश्वासार्ह मानावा? ओट्याखालच्या कपाटांची जागा वजा करायची का? वर दहा टक्के जास्त घेण्याचा जो प्रघात आहे तो पुरेसा आहे का? आणि ६०० मीटरचे एकच वेटोळे घ्यावे की २०० मीटरची तीन घ्यावीत? नळीचा भाव दोन्हींत जवळपास सारखाच पडतो.

नकाशावर मॅनिफोल्ड बोळातल्या भिंतीत, साधारण घराच्या मध्यावर दाखवला आहे. ज्यांनी हे काम केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

ऊष्मामापक

तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येकामागे वेगळे अंतर गृहीत धरलेले आहे. नळ्यांमधले अंतर २० सेंमी असेल तर चौरस मीटरला ५ मीटर नळी बसते, १५ सेंमीला ६.६७ आणि १० सेंमीला १०. दुकानदाराला तुमच्या घराची उष्णतेची गरज ठाऊक नसते, त्यामुळे तो त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या अनुभवावरून एक आकडा सांगतो. तुम्ही मात्र क्षेत्रफळापासून सुरुवात न करता उष्णतेच्या गरजेपासून करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. नळीची लांबी ही या हिशोबाची शेवटची पायरी असते आणि आपण बहुतेक जण तिलाच पहिली पायरी समजतो.

तुमच्या कंत्राटदाराने हीट पंपाची निवड करताना डीआयएन ईएन १२८३१ या मानकाप्रमाणे प्रत्येक खोलीची उष्णतेची गरज काढलेली असणार. तो कागद त्याच्याकडून मागून घ्या. बाहेर कडाक्याची थंडी असताना प्रत्येक खोलीला किती वॅट लागतात, हे त्यात खोलीगणिक लिहिलेले असते. त्या वॅटना खोलीतल्या नळी टाकता येण्याजोग्या क्षेत्रफळाने भागले की चौरस मीटरला किती वॅट हवेत ते कळते, आणि मग नळीच्या उत्पादकाच्या तक्त्यात ते वॅट, वरचे आच्छादन आणि पाण्याचे तापमान यांची सांगड घालून अंतर निवडता येते.

जमिनीच्या पृष्ठभागावरून खोलीत किती उष्णता येते याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा एक अंश जास्त गरम असेल तर ढोबळमानाने चौरस मीटरला १० ते ११ वॅट मिळतात. ईएन १२६४ या मानकात राहत्या जागेतला पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, म्हणजे २० अंशांच्या खोलीत जास्तीत जास्त ९ अंशांचा फरक आणि सुमारे १०० वॅट. तुमचे घर नवे आणि चांगले इन्सुलेशन असलेले असल्यामुळे बहुतेक खोल्यांची गरज चौरस मीटरला ३० ते ४५ वॅटच्या दरम्यान असेल, असा माझा अंदाज आहे. ४० वॅटसाठी जमीन २४ अंश असली तरी भागते. पायाला ती गरम लागतही नाही, आणि तरीही खोली उबदार राहते. जुन्या, इन्सुलेशन नसलेल्या घरात हीच गरज दुपटीहून जास्त असू शकते, म्हणून अशा घरातल्या कुणा ओळखीच्या माणसाने किती नळी टाकली यावरून आपला अंदाज बांधू नये.

तो कागद हाती आला की आकडे येथे लिहा. त्यानंतर लांबीचा हिशोब आपण खोलीगणिक करू.

---

नेकारकाठ

तत्पर उत्तराबद्दल मनापासून आभार. कागद मिळाला. त्यातले आकडे असे आहेत : बैठक, जेवणाची जागा व स्वयंपाकघर मिळून १४०० वॅट, झोपण्याची खोली ४८०, अभ्यासिका ४२०, न्हाणीघर ५६० आणि बोळ २००. पाण्याचे तापमान कमाल थंडीत जाताना ३५ अंश व परत येताना ३० अंश धरलेले आहे.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. तळमजल्यावरची झोपण्याची खोली माझ्या आई-वडिलांसाठी आहे. ते दरवर्षी काही महिने पुण्याहून येथे येतात आणि त्यांना जिना चढायला लागू नये म्हणून ती खोली खाली घेतली. त्यांना येथली थंडी फार बाधते, म्हणून त्या खोलीची गरज २२ अंश धरून काढायला मी कंत्राटदाराला सांगितले होते. वरचे ४८० वॅट त्याप्रमाणे आहेत.

स्वयंपाकघरातली कपाटे आणि मधला ओटा मिळून ४ चौरस मीटर जागा कायमची व्यापली जाईल. न्हाणीघरात टब दीड चौरस मीटरचा आहे. शॉवरची जागा जमिनीच्या पातळीतच आहे आणि तिच्याखालून नळी नेता येईल, असे कंत्राटदार म्हणाला.

---

ऊष्मामापक

आता नेमके बोलता येईल.

प्रथम वजाबाकी. कपाटांखाली आणि टबाखाली नळी टाकू नये. तिथली उष्णता खोलीत येत नाही आणि कपाटातले धान्य, तेल मात्र उगाच गरम होत राहते. त्यामुळे स्वयंपाकघर व जेवणाच्या जागेत ११ चौरस मीटर उरतात आणि न्हाणीघरात साडेसात. पलंग, सोफा यांसारखे हलवता येणारे सामान वजा करू नका. ते उद्या दुसऱ्या कोपऱ्यात जाईल, नळी तिथेच राहील.

बैठकीची मोकळी जागा आता ३४ चौरस मीटर धरली तर १४०० वॅटना चौरस मीटरला ४१ वॅट पडतात. अभ्यासिकेत ३८. फरशी आणि पातळ विनाइलखाली १५ सेंमी अंतराने हे सहज मिळतील, तेही ३५ अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यावर.

न्हाणीघराची गोष्ट वेगळी आहे. तिथे २४ अंश हवेत, जागा लहान आणि त्यातून टब वजा. ५६० वॅटना साडेसातने भागले की ७५ वॅट येतात. पाण्याचे सरासरी तापमान साडेबत्तीस अंश आणि खोली २४ अंश, म्हणजे फरक फक्त साडेआठ अंशांचा. एवढ्या फरकावर १० सेंमी अंतराने नळी टाकली तरी चौरस मीटरला पन्नासच्या आसपास वॅट मिळतील, म्हणजे एकूण पावणेचारशे. उरलेल्या १८५ वॅटसाठी टॉवेल वाळवण्याचा विजेवरचा रेडिएटर घ्यावा किंवा एका भिंतीत नळी घ्यावी. भिंतीतली नळी जमिनीच्या लूपमध्ये (मॅनिफोल्डपासून निघून परत तिथेच येणाऱ्या अखंड नळीत) ओवू नका, तिला मॅनिफोल्डवर स्वतंत्र जागा द्या. न्हाणीघरासाठी पाण्याचे तापमान वाढवणे हा उपाय मात्र करू नका, कारण एका खोलीपायी सगळ्या घराचा हीट पंप महाग चालेल. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की विजेचा खर्च साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाढतो, असे ढोबळमानाने धरतात.

झोपण्याच्या खोलीत चौरस मीटरला ३२ वॅट लागतात. गरज कमी असल्यामुळे तिथे २० सेंमी अंतर चालू शकेल. त्याने नळी ७५ मीटर लागेल आणि एका लूपमध्ये काम होईल.

---

ओळंबा

मी म्यूनिकच्या परिसरात अशी कामे पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऊष्मामापक यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु झोपण्याच्या खोलीबाबत माझे मत वेगळे आहे. तिथे पार्केट आहे. लाकूड उष्णता अडवते. १५ मिमीच्या ओकच्या पार्केटचा अवरोध फरशीच्या कितीतरी पट असतो. त्यात खोली २२ अंशांची हवी आहे, म्हणजे पाणी आणि हवा यांच्यातला फरक आधीच दोन अंशांनी कमी झाला. ३२ वॅट हा आकडा लहान दिसला तरी संपूर्ण तळमजल्यावर, न्हाणीघर सोडल्यास, पाण्याचे सर्वांत जास्त तापमान मागणारी खोली हीच ठरणार आहे. बाकीच्या खोल्या ३१-३२ अंशांवर भागत असताना हिच्यासाठी सगळ्या घराला वरचे पाणी द्यावे लागेल. तेव्हा येथे १५ सेंमीच ठेवा. २५ मीटर नळी जास्त लागेल आणि मॅनिफोल्डवर एक जोड वाढेल, पण तो खर्च एकदाच होतो.

आता लूपच्या लांबीविषयी. या जाडीच्या नळीसाठी एक लूप, जाण्या-येण्याच्या भागासह, १०० मीटरच्या आत ठेवावा आणि हीट पंप असेल तर ८०-९० च्या आसपास असलेला बरा. याचे कारण दाब आहे. तुमच्या बैठकीच्या १४०० वॅटसाठी ५ अंशांच्या फरकाने तासाला साधारण २४० लिटर पाणी फिरवावे लागते (वॅटना १.१६३ आणि ५ या दोघांनी भागायचे). हे पाणी तीन लूपमध्ये वाटले तर प्रत्येकात ८० लिटर जाते आणि सुमारे ९० मीटरच्या लूपमध्ये दाबाची घट ६० मिलिबारच्या आसपास राहते. तेच दोन लूपमध्ये बसवले तर लांबी सव्वाशे मीटर होते, पाणी १२० लिटर होते आणि घट दीडशेच्या पुढे जाते. लांबी वाढते तेव्हा वेगही वाढतो आणि घट वेगाच्या जवळजवळ वर्गाने वाढते, म्हणून थोडीशी काटकसर फार महाग पडते. शिवाय बाकीचे सगळे लूप त्या एका कठीण लूपच्या पातळीवर आणण्यासाठी मॅनिफोल्डवर आवळून ठेवावे लागतात आणि पंप वर्षानुवर्षे अकारण जोर लावत राहतो.

तुमच्या एल आकाराच्या जागेत आणखी एक अडचण आहे. आतल्या कोपऱ्यापाशी एस्ट्रिशला (नळ्यांवर ओतल्या जाणाऱ्या थराला) चीर जाते, म्हणून तिथे प्रसरणाचा सांधा ठेवतात. लूपने हा सांधा ओलांडायचा नसतो. फक्त जाण्या-येण्याच्या नळ्या त्यातून न्याव्यात आणि त्यांनाही त्या जागी सुमारे ३० सेंमी लांबीचे संरक्षक आवरण घालावे. म्हणून बैठकीचे २३ चौरस मीटर दोन लूपमध्ये आणि स्वयंपाकघराकडचे ११ तिसऱ्या लूपमध्ये, अशी विभागणी करा.

मॅनिफोल्डपासून खोलीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या नळीला मी येथे जोडनळी म्हणतो. मॅनिफोल्डच्या पेटीत वर चढण्याचा भागही तीत धरलेला आहे. तुमच्या वर्णनावरून बैठक व स्वयंपाकघराच्या लूपना प्रत्येकी १२ मीटर, न्हाणीघराला ८, झोपण्याच्या खोलीच्या लूपना प्रत्येकी १० आणि अभ्यासिकेला १४ मीटर जोडनळी धरतो. तुम्ही ती नकाशावर टेप ठेवून तपासा. आता लूप असे होतात :

बैठक, दोन लूप : साडेअकरा चौरस मीटरला ७७ आणि जोडनळी १२, म्हणजे प्रत्येकी ८९ मीटर.
स्वयंपाकघर व जेवणाची जागा : ७३ आणि १२, म्हणजे ८५.
न्हाणीघर, १० सेंमी अंतराने : ७५ आणि ८, म्हणजे ८३.
अभ्यासिका : ७३ आणि १४, म्हणजे ८७.
झोपण्याची खोली : १५ चौरस मीटरला १०० मीटर होतात, जोडनळी धरून ते शंभराच्या वर जातात, म्हणून दोन लूप, प्रत्येकी ५० आणि १०, म्हणजे ६०.

एकूण सात लूप आणि ५५३ मीटर.

बोळात मी स्वतंत्र लूप धरलेला नाही. सातही लूपच्या जोडनळ्या मिळून ७८ मीटर होतात. मॅनिफोल्ड बोळातच असल्यामुळे त्यांतल्या ५० मीटर जरी बोळातून गेल्या, तरी ८ चौरस मीटरला हे प्रमाण चौरस मीटरमागे सहा मीटरच्या वर जाते, म्हणजे जवळपास १५-१६ सेंमी अंतराने नळी टाकल्यासारखेच होते. बोळाला २०० वॅट म्हणजे चौरस मीटरला २५ वॅट हवेत. ते यातून आपोआप मिळतील. उलट मॅनिफोल्डच्या अगदी पुढ्यात नळ्यांची गर्दी होऊन तेवढाच भाग जास्त तापतो, म्हणून तिथल्या काही नळ्यांना इन्सुलेशनचे आवरण चढवा.

तुमचे ५४० आणि हे ५५३ इतके जवळ आले, त्यावरून तुमची पद्धत बरोबर होती असा निष्कर्ष काढू नका. बोळ, कपाटे आणि टब यांची साडेतेरा चौरस मीटर जागा गेल्यामुळे ९० मीटर कमी झाले, न्हाणीघरात अंतर कमी केल्यामुळे २५ वाढले आणि जोडनळ्यांचे ७८ वाढले. हे तिन्ही आकडे तुमच्या घरात एकमेकांना खाऊन गेले. मॅनिफोल्ड घराच्या एका टोकाला असता किंवा न्हाणीघर दुप्पट असते, तर तफावत शंभर मीटरची सुद्धा झाली असती.

---

मेपलवन

मी कॅनडात असतो. उत्तर अमेरिकेत राहणारे मराठी वाचक हा धागा वाचतील, त्यांच्यासाठी एक छोटी भर घालतो.

येथे नळी अर्धा इंची पेक्स नावाने मिळते आणि हिशोब फुटांत होतो. अंतर १२ इंच असेल तर चौरस फुटाला एक फूट नळी, ९ इंचाला १.३३ फूट आणि ६ इंचाला २ फूट. अर्धा इंची नळीचा लूप ३०० फुटांच्या आत ठेवावा, असा येथला सर्वमान्य संकेत आहे. अर्धा इंची पेक्सचा बाहेरील व्यास जवळपास १६ मिमी असतो आणि आतला १२ मिमीच्या किंचित वर. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर. जर्मनीतला शंभर मीटरच्या आतला संकेत आणि आमचा तीनशे फुटांचा संकेत या दोन्हींमागे दाबाचा एकच हिशोब आहे.

फरक पडतो तो अंतरात. आमच्याकडे तळघराच्या काँक्रीटच्या जाड स्लॅबमध्ये नळी टाकतात आणि १२ इंच अंतर सर्रास ठेवतात, कारण गॅसच्या बॉयलरवर पाणी हवे तेवढे गरम करता येते. तुमच्यासारखा हीट पंप बसवणाऱ्याने ते अंतर उचलू नये. एक हजार चौरस फुटांच्या तळघराला १२ इंचाने हजार फूट नळी लागते आणि ९ इंचाने १३३३ फूट, जोडनळ्या वेगळ्या. एवढ्या फरकासाठी पुढची तीस-चाळीस वर्षे जास्त तापमानाच्या पाण्यात अडकून पडणे मला योग्य वाटत नाही.

स्लॅबखालच्या इन्सुलेशनवर मात्र कुणीही काटकसर करू नये. ते नसेल तर नळी कितीही टाका, उष्णतेचा मोठा भाग मातीत जातो.

---

नेकारकाठ

सर्वांचे आभार. झोपण्याच्या खोलीत १५ सेंमीच ठेवायचे ठरवले आहे. टेपने मोजल्यावर जोडनळ्यांचे आकडे ओळंबा यांनी धरले त्याप्रमाणेच, एखाद्या मीटरच्या फरकाने आले.

आता राहिला वेटोळ्यांचा प्रश्न. ५५३ मीटर लागणार असतील तर ६०० मीटरचे एक वेटोळे काय किंवा २०० मीटरची तीन काय, दोन्हींत ४७ मीटर शिल्लक राहतात. २०० मीटरचे वेटोळे एकट्याने उचलता येते, म्हणून माझा कल तिकडे आहे. यात काही धोका आहे का?

---

ओळंबा

धोका आहे आणि तो नेमका याच ठिकाणी अनेकांच्या लक्षात येत नाही. एस्ट्रिशखाली नळीला सांधा द्यायचा नाही हा नियम पक्का धरला, तर प्रत्येक लूप एकाच अखंड तुकड्यातून निघाला पाहिजे. तुमचे सात लूप आहेत आणि वेटोळी तीन, म्हणजे कोणत्या तरी एका वेटोळ्यातून निदान तीन लूप काढावेच लागतील. तुमचे सर्वांत लहान तीन लूप घ्या : ६०, ६० आणि ८३. बेरीज २०३. तीन मीटरसाठी २०० चे वेटोळे पुरत नाही आणि याहून लहान बेरीज तुमच्या घरात होऊच शकत नाही. म्हणजे एकूण ६०० मीटर नळी समोर असूनही तुम्हाला चौथे वेटोळे आणावे लागेल आणि जवळपास अडीचशे मीटर तुकड्यांत वाया जाईल.

६०० मीटरच्या एका वेटोळ्यातून सातही लूप निघतात आणि ४७ मीटर हाताशी उरतात. त्याचे वजन सुमारे ५० किलो भरते, म्हणून उलगडण्याचे फिरते स्टँड भाड्याने घ्या. ते नसेल तर नळीला पीळ बसतो आणि टॅकरच्या (नळी इन्सुलेशनवर खिळवण्याच्या अवजाराच्या) क्लिपा उचकटतात. काही उत्पादक २४० मीटरची वेटोळीही देतात. तशी तीन घेतली तर एकातून ६०, ६० आणि ८३, दुसऱ्यातून ८९ आणि ८९, तिसऱ्यातून ८७ आणि ८५ असे काढता येतील, पण १६७ मीटर उरतील. वरच्या मजल्यासाठी तीच नळी वापरणार असाल तर ते तुकडे लहान खोल्यांना उपयोगी पडतील. केवळ तळमजल्याचा विचार केला तर मी ६०० चे घेईन.

दहा टक्के जास्त घेण्याच्या प्रघाताविषयी तुम्ही विचारले होते. एकूण बेरजेवर दहा टक्के धरण्याला फारसा अर्थ नाही. तुमच्या २०० च्या वेटोळ्यांना जवळपास साडेआठ टक्के शिल्लक होती आणि तरीही ती अपुरी पडली. जास्तीची लांबी प्रत्येक लूपमध्ये धरावी. दोन-तीन मीटर पुरतात. ६०० च्या वेटोळ्यात सात लूपना मिळून २१ मीटर गेले तरी २६ उरतात.

लूप अंथरताना नळी चकलीसारखी आत वळवत न्या, म्हणजे जाणारी आणि परत येणारी नळी शेजारी-शेजारी येऊन जमीन सगळीकडे सारखी तापते. आत जाताना दुप्पट अंतर सोडायचे आणि बाहेर येताना मधल्या मोकळ्या जागेतून यायचे. १५ सेंमीसाठी आत जाताना ३० सेंमी. इन्सुलेशनवरच्या चंदेरी कापडावर छापील चौकटी असतात, त्यांच्या आधाराने हे अवघड जात नाही. १६ मिमीच्या नळीची वळणाची त्रिज्या निदान ८० मिमी असावी. न्हाणीघरात १० सेंमी अंतरावर साधे अर्धगोल वळण बसणार नाही, तिथे वळण थोडे फुगवून घ्यावे लागते. नळी दुमडून पांढरी पडली तर तो तुकडा वापरू नका. अशा प्रसंगी उरलेली नळी कामाला येते.

---

ऊष्मामापक

ओळंबा यांनी झोपण्याच्या खोलीबद्दल जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. मी केवळ वॅटकडे पाहिले होते, आच्छादनाचा विचार केला नव्हता.

एक भर. नळीच्या आतला व्यास १२ मिमी असल्यामुळे मीटरला ०.११३ लिटर पाणी मावते, म्हणजे ५५३ मीटरमध्ये सुमारे ६२ ते ६३ लिटर. हा आकडा कंत्राटदाराला द्या. यंत्रणेत भरायच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याचे प्रमाण आणि प्रसरणपात्राचा (तापून फुगलेले पाणी सामावणाऱ्या टाकीचा) आकार ठरवताना वरच्या मजल्याचे पाणी त्यात मिळवून त्याला तो लागेल.

---

नेकारकाठ

६०० मीटरचे वेटोळे आणि स्टँड, दोन्हींची मागणी नोंदवली. शेवटचे दोन प्रश्न विचारतो. क्लिपा किती घ्याव्यात? आणि एस्ट्रिश ओतण्याआधी आमच्याकडून आणखी कोणती नोंद करून ठेवणे अपेक्षित असते?

---

ओळंबा

सरळ भागात दर अर्ध्या मीटरला एक क्लिप, म्हणजे ५५३ मीटरला ११०० च्या आसपास, आणि वळणांवर जास्त लागतात. १४०० घ्या.

नोंदीविषयी : नळीवर दर मीटरला चालू आकडा छापलेला असतो. लूप सुरू करताना मॅनिफोल्डपाशी दिसणारा आकडा आणि परत आल्यावर दिसणारा आकडा लगेच वहीत लिहा, खोलीचे नाव आणि मॅनिफोल्डवरचा क्रमांक यांसह. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या लूपची खरी लांबी. प्रत्येक लूपमधून मिनिटाला किती पाणी सोडायचे हे कंत्राटदार या लांबीवरून आणि खोलीच्या वॅटवरून ठरवील. तुमच्या बैठकीच्या प्रत्येक लूपसाठी ते मिनिटाला साधारण १.३ लिटर येईल. अंदाजाने लिहिलेल्या लांब्यांवर हे काम नीट होत नाही आणि मग एक खोली तापते, दुसरी थंड राहते.

दारांच्या उंबरठ्यांपाशी, सांध्यापाशी आणि मॅनिफोल्डसमोर टेप जमिनीवर ठेवून फोटो काढा. न्हाणीघरात टबाचे पाय आणि कमोड जिथे येणार आहेत ती जागा फोटोत मापासह दिसली पाहिजे, कारण पुढे तिथे ड्रिल चालवले जाते. दाबाची चाचणी ४ ते ६ बारवर होते. एस्ट्रिश ओतणारे लोक आले तेव्हाही नळ्या दाबाखाली भरलेल्या आहेत आणि दाबमापकाचा काटा हललेला नाही, हे तुम्ही स्वतः उभे राहून पाहा. फावड्याचा घाव नळीवर बसला तर तो त्याच वेळी कळतो आणि थर ओला असेपर्यंत दुरुस्ती करता येते. अशी दुरुस्ती करावी लागलीच, तर त्या एका सांध्याची जागा भिंतींपासूनच्या मापांसह त्याच वहीत लिहून ठेवा.